बंद खोलीतली जबानी: ग्रँड ज्युरीचे कागद कोणाचे?

गेले काही महिने एकच प्रश्न तुमच्याकडून वेगवेगळ्या शब्दांत येतोय. एपस्टीन प्रकरणाच्या बातम्यांत 'ग्रँड ज्युरीची ट्रान्स्क्रिप्ट्स खुली करा' हे सारखं कानावर पडत होतं, आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलं की ही ग्रँड ज्युरी म्हणजे नक्की काय? तिचे कागद एवढे गुप्त का? आणि न्यायाधीशसुद्धा ते सरळ उचलून का देत नाहीत?

तर आज त्यावरच बोलूया. एपस्टीनबद्दल शेवटी थोडं सांगेन. पण खरं सांगू का, या विषयातलं ते सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण नाहीच. मला जे मुख्य सांगायचंय ते सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचं आहे. दोन जबान्या, एक टाईपरायटर आणि विजेच्या खुर्चीवर गेलेली एक बाई.

आधी खोली समजून घेऊ.

आपल्याकडे ज्युरी म्हटलं की नानावटी खटला आठवतो. वाचणाऱ्यांना १९०८ चा टिळकांचा राजद्रोहाचा खटला आठवेल. मुंबई हायकोर्ट, नऊ ज्युरर, सात विरुद्ध दोन. पण ती ज्युरी वेगळी. ती भर कोर्टात बसते, दोन्ही बाजू ऐकते आणि दोषी की निर्दोष ते सांगते. ग्रँड ज्युरी त्याच्या आधी येते. खटला उभा करण्याइतका पुरावा आहे का, एवढंच तिने ठरवायचं. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीत, म्हणजे १७९१ पासून ती आहे. केंद्र सरकारला गंभीर गुन्ह्यासाठी एखाद्याला कोर्टात खेचायचं असेल तर आधी या सामान्य नागरिकांची परवानगी घ्या, अशी ती कल्पना. राजाने उठावं आणि कोणालाही अडकवावं, असं होऊ नये म्हणून घातलेलं कुंपण.

केंद्रीय ग्रँड ज्युरीत १६ ते २३ माणसं असतात. आरोप ठेवायचा तर त्यातल्या किमान १२ जणांचं मत पडावं लागतं. आता त्या खोलीत कोण नसतं ते ऐका. न्यायाधीश समोर बसलेला नसतो. आरोपीचा वकील नसतो. साक्षीदाराचा वकीलसुद्धा दाराबाहेर थांबतो. काही अडलं तर साक्षीदाराने उठायचं, बाहेर जाऊन विचारायचं आणि परत यायचं. आत असतात ते सरकारी वकील, साक्षीदार, ज्युरर, लागला तर दुभाषी, आणि शब्दन् शब्द टिपणारा स्टेनो.

म्हणजे सगळं चालवतो सरकारी वकील. कोणाला बोलवायचं, काय विचारायचं, काय दाखवायचं, तोच ठरवतो. आरोपीच्या बाजूचा पुरावा दाखवायचं त्याच्यावर बंधन नाही, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९९२ मध्ये सांगून ठेवलंय. न्यूयॉर्कचे मुख्य न्यायाधीश सोल वॉकलर १९८५ मध्ये म्हणाले होते की सरकारी वकिलाने मनावर घेतलं तर ग्रँड ज्युरी हॅम सँडविचवरही आरोप ठेवेल. गंमत अशी, की आज लोकांना ग्रँड ज्युरीबद्दल दुसरं काही माहीत नसलं तरी हे सँडविच माहीत असतं.

आता तो स्टेनो जे टिपतो, त्याचं पुढे काय होतं?

त्याचं ट्रान्स्क्रिप्ट होतं. ज्युरर आपापसात चर्चा करतात आणि मत देतात तेवढा भाग टिपला जात नाही, बाकी सगळं टिपलं जातं. फौजदारी नियमांतला सहावा नियम आहे, त्याचं 'ई' हे कलम. त्यात लिहिलंय की कोर्टाने वेगळं काही सांगितलं नाही तर ही नोंद सरकारी वकिलाच्या ताब्यात राहील. हे वाक्य लक्षात ठेवा, आजचा सगळा विषय याच एका वाक्याभोवती फिरतो. ज्युरर, सरकारी वकील, स्टेनो, दुभाषी, टेपवरून टाईप करणारा माणूस, या सगळ्यांनी तोंड बंद ठेवायचं. बोललात तर कोर्टाचा अवमान. साक्षीदारावर मात्र केंद्रीय नियमात असं बंधन नाही. तो बाहेर येऊन पत्रकारांना सगळं सांगू शकतो. राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत, त्यात आत्ता शिरत नाही.

एवढी गुप्तता कशासाठी? याची कारणं खोटी नाहीत, आधी ती नीट ऐकून घ्या. १९७९ च्या डग्लस ऑइल खटल्यात सुप्रीम कोर्टाने ती एकेक करून मांडली. साक्ष उघड होणार असं कळलं तर लोक पुढे येणारच नाहीत. जे येतील ते मोकळेपणाने बोलणार नाहीत, कारण ज्याच्याविरुद्ध बोलायचं तो उद्या दारात उभा राहील. ज्याच्यावर आरोप यायचाय त्याला आधीच सुगावा लागला तर तो पळून जाईल, नाहीतर ज्युररांना गाठेल. आणि चौथं कारण मला सगळ्यात पटतं: ज्याची चौकशी झाली पण आरोप ठेवला गेला नाही, त्याची उगाच गावभर बदनामी होऊ नये.

आपल्याकडेही हा विचार आहेच. मॅजिस्ट्रेटसमोर जबाब होतो ना, जुनं कलम १६४, आता नागरिक सुरक्षा संहितेत १८३. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेचा हा जबाब चार्जशीट दाखल होईपर्यंत कोणालाही दाखवायचा नाही, असं आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये बजावलं. यात न पटण्यासारखं काहीच नाही.

पण ती चार कारणं पुन्हा मनात आणा. त्यांत संरक्षण कोणाला आहे? साक्षीदाराला. ज्युररला. आरोप न झालेल्या माणसाला. तपासाला. सरकारी वकिलाची लपवाछपवी झाकणं, हे कारण त्या यादीत कुठेही नाही. आणि किल्ली मात्र त्याच्याच खिशात.

आता रोझेनबर्ग.

१९५० चा उन्हाळा, न्यूयॉर्क. ज्युलियस रोझेनबर्ग नावाच्या इंजिनिअरला सोव्हिएत रशियासाठी हेरगिरी केल्याच्या आरोपावरून अटक झालेली. त्याच्याविरुद्ध बोलणारा माणूस घरातलाच होता. त्याच्या बायकोचा, म्हणजे एथेलचा सख्खा धाकटा भाऊ डेव्हिड ग्रीनग्लास. हा डेव्हिड युद्धात लॉस अलामॉसला, जिथे अणुबॉम्ब बनला तिथे, कारागीर म्हणून कामाला होता. त्याने तिथली माहिती बाहेर दिली होती आणि त्याची बायको रूथ हिलाही ते माहीत होतं. नवराबायको दोघंही अडकणार होते.

३ ऑगस्ट १९५० ला रूथ ग्रँड ज्युरीसमोर गेली. ७ ऑगस्टला डेव्हिड. एथेललाही दोनदा बोलावलं, ७ आणि ११ ऑगस्टला. तिने बहुतेक प्रश्नांना पाचव्या दुरुस्तीचा आधार घेऊन उत्तर नाकारलं, तो तिचा हक्कच होता. ११ तारखेला ती साक्ष देऊन कोर्टातून बाहेर पडली आणि तिथेच तिला अटक झाली. घरी दोन लहान मुलं.

खटला उभा राहिला मार्च १९५१ मध्ये. तोपर्यंत एथेलविरुद्ध हातात फारसं काही नव्हतं. हा माझा अंदाज नाही. खटल्याच्या आधीच्या महिन्यात अमेरिकन संसदेच्या अणुऊर्जा समितीची बंद बैठक झाली. तिथे सरकारी वकिलांपैकी मायल्स लेन यांनी स्वतःच मान्य केलं होतं की तिच्याविरुद्धचा पुरावा तितकासा भक्कम नाही, पण तिला शिक्षा होणं महत्त्वाचं आहे. तिच्यावरचा दाब वाढला की नवरा तोंड उघडेल, असा तो हिशेब होता.

आणि त्याच फेब्रुवारीत, खटल्याला काही आठवडे उरले असताना, रूथला एक नवी गोष्ट आठवली. सप्टेंबर १९४५ मध्ये रोझेनबर्गांच्या घरात डेव्हिडने बॉम्बबद्दलची टिपणं दिली, ती एथेलने टाईप केली. मग डेव्हिडलाही तेच आठवलं. दोघांनी कोर्टात तसं सांगितलं. सरकारी वकील आयर्विंग सेपॉल यांनी शेवटच्या भाषणात या टायपिंगचं चित्र असं रंगवलं, की टाईपरायटरचं एकेक बटण दाबताना एथेल आपल्याच देशावर घाव घालत होती.

ज्युरीने दोघांनाही दोषी ठरवलं. न्यायाधीश कॉफमन यांनी दोघांनाही मृत्युदंड दिला. १९ जून १९५३ ला सिंग सिंग तुरुंगात आधी ज्युलियस, मग एथेल. मोठा मुलगा दहा वर्षांचा, धाकटा सहा. रूथवर कधीच आरोप ठेवला गेला नाही. डेव्हिडला १५ वर्षं झाली, १९६० मध्ये तो बाहेर आला.

आता त्या बंद खोलीत परत चला. ३ ऑगस्ट १९५० ला रूथने ग्रँड ज्युरीला काय सांगितलं होतं? की ती माहिती तिने स्वतः, हाताने लिहून काढली. एथेलचं टायपिंग? नाही. आणि डेव्हिड? त्याने शपथेवर सांगितलं होतं की बहिणीशी तो या विषयावर कधी बोललाच नाही.

हे दोन्ही जबाब टाईप होऊन सरकारी वकिलांच्या फायलीत होते. खटला चालू असताना होते. फाशीची तारीख जवळ येत होती तेव्हाही होते. एथेलच्या वकिलांना ते दिसले नाहीत, कारण ग्रँड ज्युरीचे कागद गुप्त असतात.

याच्या पुढची गोष्ट मी जितक्या वेळा वाचते तितक्या वेळा चिडते. त्याच गुप्त कागदांतला एक कागद खटल्यात बिनदिक्कत वापरला गेला. एथेलचा स्वतःचा. ती साक्षीला उभी राहिली तेव्हा सेपॉल यांनी तिला तिच्या ग्रँड ज्युरीतल्या उत्तरांवरून उलटं सुलटं विचारलं. आज इथे उत्तर देताय, मग तिथे का नाही दिलंत? म्हणजे तिथे काहीतरी लपवत होतात ना? ज्युरीसमोर तिला खोटारडी ठरवायला हे पुरेसं होतं. सहा वर्षांनी, १९५७ मध्ये, दुसऱ्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असा वापर करणं चूक आहे. तोपर्यंत एथेलला जाऊन चार वर्षं झाली होती.

तर बघा, तीच खोली आणि त्याच महिन्यातले कागद. आरोपीला अडचणीत आणणारा कागद बाहेर आला, तिला वाचवू शकणारा आतच राहिला. कोणता बाहेर काढायचा हे ज्याने ठरवलं, त्यालाच खटला जिंकायचा होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, नाहीतर मी अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. ज्युलियस निर्दोष नव्हता. अमेरिकेने फोडलेले सोव्हिएत सांकेतिक संदेश १९९५ मध्ये जाहीर झाले, त्यांतून तो हेरगिरी करत होता हे दिसतं. एथेलला नवऱ्याचे उद्योग माहीत होते का, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. २०२४ मध्ये एक जुनं सरकारी टिपण समोर आलं, तारीख २२ ऑगस्ट १९५०. संदेश फोडणाऱ्या तज्ज्ञानेच ते लिहिलेलं होतं. त्याचा निष्कर्ष असा, की तिला कामाची माहिती होती, पण तब्येतीमुळे ती स्वतः त्यात नव्हती. पण प्रश्न ती साधी होती की नव्हती हा नाहीच. ज्या टाईपरायटरने तिला खुर्चीवर बसवलं तो आधीच्या शपथेवरच्या जबानीत नव्हता, आणि हे तिच्या ज्युरीला कधी कळलं नाही. मला एवढंच टोचतं.

मग नियम बदलले का? बदलले, पण हळूहळू. १९५७ मध्ये जेंक्स नावाचा कायदा आला. सरकारी साक्षीदाराने कोर्टात साक्ष दिली की त्याचे आधीचे जबाब आरोपीला द्यायचे. १९७० मध्ये त्यात ग्रँड ज्युरीची जबानीही घातली. आणि ग्रँड ज्युरीचं कामकाज नोंदवणं सक्तीचं कधी झालं असेल? १९७९ मध्ये. त्याआधी नोंद करायची की नाही हेही ऐच्छिक होतं. काही ठिकाणी तर कागदच नाहीत, मग ते उघडायचा प्रश्नच कुठे येतो?

आपल्याशी तुलना केली की एक मजेदार गोष्ट दिसते. आपल्याकडे चार्जशीट दाखल झाली की साक्षीदारांच्या जबाबांच्या प्रती आरोपीला फुकट मिळतात, खटला सुरू व्हायच्या आधी. अमेरिकेत कायद्याने हक्क मिळतो तो साक्षीदार कोर्टात बोलून झाल्यावर. प्रत्यक्षात बरेच सरकारी वकील आधी देतात, पण कायद्याचं म्हणाल तर नंतर. आपण आपल्या व्यवस्थेला उठताबसता नावं ठेवतो, पण इथे आपला नियम जास्त माणुसकीचा आहे.

बरं, रूथची जबानी आपण आज वाचू शकतो ती कशी? वॉशिंग्टनमध्ये नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह म्हणून एक संस्था आहे. गुप्त सरकारी कागद मागून मागून बाहेर काढणं हेच तिचं काम. २००८ मध्ये ती संस्था आणि इतिहासकारांच्या संघटना न्यूयॉर्कच्या कोर्टात गेल्या. म्हणाल्या, ५८ वर्षं झाली, बहुतेक साक्षीदार मेले, आता तरी उघडा. न्यायाधीश हेलरस्टीन यांनी बरेचसे जबाब उघडायला सांगितलं. रूथ त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारली होती, त्यामुळे तिची जबानी सप्टेंबरमध्ये बाहेर आली.

डेव्हिड मात्र जिवंत होता. त्याने हरकत घेतली. आणि न्यायाधीशांनी त्याची हरकत मान्य केली!

मला आधी याचा राग आला होता. टाईपरायटरची साक्ष आपण खोटी दिली, बायकोला वाचवायला दिली, हे त्याने एका पत्रकाराजवळ मान्य केलेलं होतं आणि ते २००१ मध्ये पुस्तकात छापूनही आलं होतं. अशा माणसाची कसली गुप्तता जपायची? पण विचार केल्यावर न्यायाधीशांचं पटतं. साक्षीदार आवडीचा असेल तरच त्याला संरक्षण, असं म्हटलं की ते संरक्षण राहत नाही. डेव्हिड २०१४ मध्ये वारला. २०१५ च्या जुलैमध्ये त्याची जबानी उघडली. बहिणीशी कधी बोललोच नाही, हे वाक्य तेव्हा जगाने पहिल्यांदा वाचलं. एथेलची मुलं तेव्हा सत्तरीच्या आसपास पोचली होती.

जिवंत माणूस असेल तर थांबा, गेला की उघडा. मला विचाराल तर याहून बरा तोडगा मला तरी सुचत नाही.

पण न्यूयॉर्कमध्ये झालं म्हणून सगळीकडे होतं असं नाही, आणि इथे गोष्ट पुन्हा कडू होते. जॉर्जिया राज्यात जाऊ.

२५ जुलै १९४६. मूर्स फोर्ड नावाच्या पुलाजवळ गोऱ्या लोकांच्या जमावाने एक गाडी अडवली आणि त्यातल्या दोन कृष्णवर्णीय जोडप्यांना बाहेर ओढून गोळ्या घातल्या. रॉजर आणि डोरोथी माल्कम, जॉर्ज आणि मे डॉर्सी. जॉर्ज दुसऱ्या महायुद्धात लढून घरी आलेला सैनिक. देशभर संताप झाला, अध्यक्ष ट्रूमन यांनी एफबीआय पाठवली. डिसेंबरमध्ये ग्रँड ज्युरी बसली. १६ दिवस, शंभरावर साक्षीदार. आणि खुनासाठी आरोप किती जणांवर? एकावरही नाही. आजतागायत त्या चार खुनांसाठी कोणालाच शिक्षा झालेली नाही.

त्या १६ दिवसांत कोण काय बोललं? कोण गप्प बसलं? सरकारी वकिलांनी कोणते प्रश्न विचारलेच नाहीत? अँथनी पिच या लेखकाला हे वाचायचं होतं. त्याने कोर्टात अर्ज केला, तेव्हा कागद अस्तित्वात आहेत हेच सिद्ध होईना. मग ते राष्ट्रीय अभिलेखागारात सापडले. २०१७ मध्ये जिल्हा न्यायाधीश म्हणाले, द्या. सरकार अपिलात गेलं. २०१९ मध्ये अपील कोर्टाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठानेही सांगितलं, द्या. त्याच वर्षी जूनमध्ये पिच वारला, अर्ज त्याच्या बायकोने पुढे चालवला. मग पूर्ण पीठ बसलं आणि मार्च २०२० मध्ये आठ विरुद्ध चार मतांनी निकाल फिरवला. कारण काय दिलं? नियमात गुप्ततेला जे अपवाद लिहिलेत त्यांत 'इतिहासासाठी' असा अपवाद नाही, आणि न्यायाधीशाला स्वतःच्या अधिकारात नवा अपवाद निर्माण करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने त्यात लक्ष घालायला नकार दिला.

म्हणजे आजची स्थिती अशी की न्यूयॉर्क आणि शिकागोच्या अपील कोर्टांच्या हद्दीत, प्रकरण पुरेसं महत्त्वाचं आणि जुनं असेल तर न्यायाधीश कागद उघडू शकतात. अटलांटा आणि वॉशिंग्टनच्या हद्दीत नाही. वॉशिंग्टनचं तर नवलच आहे. १९७५ मध्ये निक्सन यांनी वॉटरगेटबद्दल ग्रँड ज्युरीला दिलेली साक्ष २०११ मध्ये तिथल्याच न्यायाधीशांनी उघडली होती. पण २०१९ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने तो दरवाजा बंद केला. तीच मागणी आज आली असती तर निक्सनचे कागद तसेच राहिले असते. एकच देश, एकच नियम. पण तुमची आजी कुठल्या राज्यात मारली गेली त्यावर ठरणार, तुम्हाला तिच्या चौकशीचे कागद दिसणार की नाही.

मूर्स फोर्डमध्ये गुप्तता आता कोणाला वाचवते, सांगा ना? तेव्हा चाळिशीत असलेला साक्षीदार आज शंभरीच्या कितीतरी पुढे असेल. कायद्याच्या भाषेत निकाल बरोबर असेलही, नियम बदलणं हे न्यायाधीशांचं काम नाही हे मला समजतं. मग ज्यांचं काम आहे त्यांनी बदलावा. साठ-सत्तर वर्षांनंतर, जिवंत साक्षीदारांची नावं झाकून, खुले करा. यात कोणाचं काय जातं, मला खरंच कळत नाही.

राज्यांच्या ग्रँड ज्युरींबद्दल घाईघाईत दोन-तीन गोष्टी. २०१४ मध्ये फर्ग्युसनला मायकल ब्राउन पोलिसाच्या गोळीने मेला, ग्रँड ज्युरीने आरोप नाकारला, आणि सरकारी वकिलाने त्याच रात्री हजारो पानं खुली केली. दहाएक दिवसांनी न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडमध्ये एरिक गार्नरच्या प्रकरणातही आरोप नाकारला गेला. तिथे लोकांना काय मिळालं? नऊ आठवडे, ५० साक्षीदार, ६० पुरावे. एवढे आकडे, बस. कागद मागणारे अर्ज फेटाळले गेले.

आणि २०२० मध्ये केंटकीत ब्रियोना टेलर. तिथे महाधिवक्त्यांनी पत्रकार परिषदेत असा सूर लावला की गोळ्या झाडणारे दोन पोलीस कायद्यात बसत होते हे ग्रँड ज्युरीलाही पटलं. त्यावर एक ज्युरर नाव न सांगता कोर्टात गेला: आमच्या नावावर हे सांगू नका, मला बोलू द्या! सुमारे १५ तासांचं रेकॉर्डिंग बाहेर आलं. पुढे न्यायाधीशांनी परवानगी दिल्यावर तो ज्युरर म्हणाला की मनुष्यवधाचा आरोप आमच्यापुढे ठेवलाच नव्हता. ज्युररच गुप्तता उठवायला कोर्टात जातोय, हे किती उलटं आहे पाहा. ती गुप्तता त्याच्यासाठीच होती ना!

आता एपस्टीन, कबूल केल्याप्रमाणे. यात दोन वेगळे गठ्ठे आहेत, बातम्यांत ते एकत्र होतात. पहिला फ्लोरिडा राज्याचा, २००६ चा. तिथल्या ग्रँड ज्युरीसमोर कोवळ्या मुलींना आणलं आणि सरकारी वकिलांनी त्यांनाच गुन्हेगारासारखे प्रश्न विचारले. हे आपल्याला कळलं कारण फ्लोरिडाने २०२४ मध्ये खास कायदा केला आणि १ जुलैला, कायदा लागू झाला त्याच दिवशी, न्यायाधीशांनी ते कागद खुले केले. यातून खरंच काहीतरी कळलं. दुसरा गठ्ठा केंद्र सरकारचा. २०२५ च्या उन्हाळ्यात सरकारनेच तो उघडायची मागणी केली, न्यायाधीशांनी नकार दिला. न्यूयॉर्कचे न्यायाधीश एंगेलमायर यांनी बजावलं की यात नवीन काही मिळेल या आशेवर राहू नका. साक्षीदार फक्त तपास अधिकारी होते, पीडित मुलींपैकी कोणी नाही. मग नोव्हेंबरमध्ये संसदेने कायदा केला आणि डिसेंबरमध्ये त्याच न्यायाधीशांनी परवानगी दिली. सरकारकडे तपासाचे ढीगभर कागद पडलेले असताना सगळ्यांचं लक्ष या थोड्या पानांवर खिळलं. कुठला कागद मागायचा हे कळणंही महत्त्वाचं असतं, त्याचं हे उदाहरण.

आपल्याकडे काय? एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाका, संवेदनशील असेल तर सोडून, असं सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितलं. चार्जशीटही टाका, अशी मागणी २०२३ च्या जानेवारीत फेटाळली गेली. कारणं तीच, आरोपीचे आणि पीडितांचे हक्क. त्यावर एक वेगळा एपिसोड होईल.

तुम्हाला स्वतः वाचायचं असेल तर नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्हच्या साइटवर रोझेनबर्गचे कागद आहेत, फोनवरही उघडतात. आधी रूथची ३ ऑगस्टची जबानी काढा. मग तिची मार्च १९५१ ची कोर्टातली साक्ष. दोन्ही शेजारी ठेवून वाचा आणि टाईपरायटर कुठे येतो ते शोधा. मूर्स फोर्डचे कागद राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, सीलबंद.

काय वाटलं ते कळवा. पुढच्या वेळी भेटू.